प्रदर्शन सात दिवसांचं, मग उरतं काय? आर्ट गॅलरीत मिळणारी पुस्तिका कशी तयार होते?

मुंबईत काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरीत शिरलात की दाराजवळ एक टेबल दिसतं. त्यावर अभिप्रायाची वही, पेन आणि शेजारी कागदांचा गठ्ठा. कधी तीन घड्यांचं पत्रक, कधी सोळा पानांची पुस्तिका. बहुतेक जण त्यातलं एक उचलतात, चाळतात आणि बॅगेत टाकतात.

जहांगीरमधली बहुतेक प्रदर्शनं मंगळवारी लागतात आणि पुढच्या सोमवारी उतरतात. विकली गेलेली चित्रं वेगवेगळ्या घरी जातात, उरलेली टेम्पोत बसून स्टुडिओत परततात. ती सगळी पुन्हा एकत्र एका भिंतीवर लागण्याची शक्यता जवळपास नसतेच. त्या सात दिवसांत तिथं नेमकं काय होतं, हे पन्नास वर्षांनी कुणाला शोधायचं असेल, तर बॅगेतला तो कागदच कामाला येतो.

तुम्ही म्हणाल, आता तर इन्स्टाग्राम आहे, सगळेच फोटो काढतात. खरंय. पण त्या फोटोवरून चित्र दोन फुटांचं की आठ फुटांचं, तैलरंगातलं की ॲक्रिलिकमधलं, कोणत्या सालातलं, यातलं काहीच कळत नाही. या गोष्टी कुणीतरी नीट लिहून, तपासून, छापाव्या लागतात. ते काम या पत्रकांचं आणि पुस्तिकांचं असतं.

मग ही पुस्तिका तयार कशी होते? आणि ती वाईट झाली तर नुकसान कुणाचं होतं?

पत्रक, पुस्तिका, कॅटलॉग: सगळं एकच का?

नाही. एका कागदाला घड्या घालून केलेलं ते पत्रक किंवा फोल्डर. प्रेक्षकाला आत फिरताना सोबत व्हावी एवढंच त्याचं काम. आठ ते चोवीस-बत्तीस पानांची, मधोमध पिना मारलेली ती पुस्तिका. बोलीभाषेत हिलाही सर्रास 'कॅटलॉग' म्हणतात. मोठ्या संग्रहालयांचे कॅटलॉग मात्र जाडजूड पुस्तकंच असतात, त्यात दोन-चार अभ्यासकांचे लेख असतात आणि किंमतही तशीच असते. याशिवाय निमंत्रणपत्रिका असते. विक्रीच्या प्रदर्शनात किमतींची यादी वेगळ्या कागदावर टेबलामागे ठेवलेली असते, कारण किमती बदलतात आणि छापलेलं बदलता येत नाही.

या लेखात बोलायचंय ते पहिल्या दोघांबद्दल. कारण महाराष्ट्रातले बहुसंख्य चित्रकार स्वतःच्या खिशातून खर्च करून जे छापतात, ते हेच.

एकच प्रदर्शन, पण नाव टिकलं

ऑक्टोबर १९६३. दिल्लीत ललित कला अकादमीच्या रवींद्र भवनात बारा तरुण कलाकारांचं प्रदर्शन भरलं. उद्घाटनाला खुद्द पंतप्रधान जवाहरलाल नेहरू. गटाचं नाव 'ग्रुप १८९०'. हे कुठलं साल नव्हतं, तर भावनगरमधल्या ज्या घरात हा गट जन्माला आला त्या घराचा क्रमांक होता. जे. स्वामिनाथन या गटाचे म्होरके. आपल्या अकोल्याचे अंबादासही त्यात होते.

या गटाचं हे पहिलं प्रदर्शन आणि शेवटचंही. त्यानंतर गट विखुरला. तरीही भारतीय आधुनिक कलेचा इतिहास लिहिताना 'ग्रुप १८९०' टाळता येत नाही. याचं मोठं श्रेय त्या प्रदर्शनाच्या कॅटलॉगला जातं. त्यात गटाचा जाहीरनामा होता आणि प्रस्तावना होती ऑक्टाव्हिओ पाझ यांची. पाझ तेव्हा मेक्सिकोचे भारतातले राजदूत होते, त्यांना साहित्याचं नोबेल मिळालं ते बऱ्याच नंतर, १९९० मध्ये. भिंतीवरची चित्रं उतरली, पण आपण काय करतोय आणि कशाला विरोध करतोय हे त्या बारा जणांनी कागदावर उतरवून ठेवलं होतं. २०१६ मध्ये दिल्लीच्या 'डीएजी' या गॅलरीने या गटावर पुन्हा प्रदर्शन केलं, तेव्हा सुरुवात करायला हातात काहीतरी होतं.

मुंबईतही हेच दिसतं. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे या सहा जणांच्या 'प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप'चं पहिलं प्रदर्शन १९४९ चं. त्याच्या कॅटलॉगमध्ये सूझांनी लिहिलेली भूमिका आजही अभ्यासक वापरतात. १९८१ चं 'प्लेस फॉर पीपल' हे प्रदर्शनही असंच. सुधीर पटवर्धन, नलिनी मलानी, भूपेन खख्खर, गुलाममोहम्मद शेख, विवान सुंदरम, जोगेन चौधरी अशी नावं त्यात होती. त्याच्या कॅटलॉगसाठी गीता कपूर यांनी लिहिलेला निबंध आता कलाशिक्षणात अभ्यासला जातो.

आणि मग खख्खरांचा तो १९७२ चा कॅटलॉग! पेशाने हिशेबनीस असलेल्या भूपेन खख्खरांचं प्रदर्शन मुंबईच्या गॅलरी केमोल्डमध्ये होतं. कॅटलॉगमध्ये चित्रकाराचा गंभीर चेहऱ्याचा फोटो आणि खाली पुरस्कारांची यादी असायची, तशी पद्धत होती (अजूनही आहे). खख्खरांनी काय केलं, तर स्वतःचेच सोंगं घेतलेले फोटो छापले. कुठे पिळदार शरीर दाखवणारे 'मिस्टर युनिव्हर्स', कुठे सिनेमातले गुप्तहेर, कुठे जाहिरातीतले मॉडेल. चित्रकार म्हणजे कुणी थोर आत्मा, या समजुतीची त्यांनी कॅटलॉगमधूनच टिंगल केली. आज त्या छोट्या पुस्तिकेची चर्चा खख्खरांच्या चित्रांइतक्याच गांभीर्याने होते. कमी पैशांत काय करता येतं, याचं याहून चांगलं उदाहरण सापडणं अवघड आहे.

चित्राखालच्या दोन ओळी

पुस्तिका डिझाइन करायला घेतली की चर्चा होते ती मुखपृष्ठाची, फॉन्टची, कागदाची. सगळ्यात शेवटी, रात्री अकरा वाजता व्हॉट्सॲपवरून जी येते ती चित्रांच्या माहितीची यादी. खरं तर पुस्तिकेतला सर्वांत टिकाऊ मजकूर तोच असतो.

कलाकाराचं नाव, चित्राचं शीर्षक, साल, माध्यम, आकार, शक्य असेल तर चित्र सध्या कुणाच्या संग्रहात आहे ते आणि फोटो कुणी काढला ते. आकार लिहिताना जगभर आधी उंची आणि मग रुंदी लिहितात. शिल्प असेल तर तिसरी खोली. हा क्रम उलटा झाला तर उभं चित्र आडवं होऊन बसतं, आणि हे खरोखर होतं. इंच की सेंटिमीटर हे एकदा ठरवायचं आणि शेवटपर्यंत तेच ठेवायचं. 'मिक्स मीडिया' हा शब्द शक्यतो टाळावा. 'कॅनव्हासवर ॲक्रिलिक, कोळसा आणि वर्तमानपत्राचे तुकडे' असं लिहिलं तर प्रेक्षकालाही कळतं आणि उद्या ते चित्र खराब झालं तर दुरुस्त करणाऱ्यालाही.

साल किती महत्त्वाचं, हे नसरीन मोहमदींच्या कामाकडे पाहिलं की समजतं. त्यांच्या बारीक रेषांच्या चित्रांना बहुधा शीर्षकच नसतं, आणि तारीखही त्या क्वचितच घालत. कोणतं चित्र आधीचं आणि कोणतं नंतरचं हे ठरवताना अभ्यासकांची दमछाक होते. अशा वेळी अमुक साली, अमुक गॅलरीत हे चित्र लागलं होतं असं सांगणारा एखादा जुना कागद सोन्याच्या मोलाचा ठरतो.

इथं पैशाचाही संबंध येतो. लिलावात चित्र विकायला निघतं तेव्हा त्याच्या माहितीत ते पूर्वी कुठे प्रदर्शित झालं आणि कुठे छापून आलं हे आवर्जून दिलं जातं. चित्र अस्सल असल्याच्या पुराव्यांपैकी तो एक असतो. नकली चित्रांचा सुळसुळाट असलेल्या बाजारात एका सोळा पानी पुस्तिकेतला ठशाएवढा फोटोही वाद मिटवू शकतो. म्हणून पुस्तिकेवर प्रदर्शनाची तारीख लिहिताना 'दि. १२ ते १८ मार्च' एवढंच न लिहिता साल लिहायला विसरू नये. हसू येईल, पण निमंत्रणांवर साल नसणं ही अगदी नेहमीची चूक आहे.

प्रदर्शन लागायच्या आधीच पुस्तिका छापायची, मग फोटो कुठून आणायचे?

तैलचित्रांचं ठीक आहे. चित्र तयार असतं, त्याचा फोटो काढला की झालं. पण आजच्या कलाकारांचं काम पुष्कळदा गॅलरीतच घडतं. कुणी खोलीभर वाळू पसरणार असतं, कुणी पडद्यावर व्हिडिओ दाखवणार असतं, कुणी स्वतःच सात दिवस तिथं बसून काहीतरी करणार असतं. पुस्तिका तर उद्घाटनाच्या दिवशी हवी. म्हणजे छापायला जाणार आठ-दहा दिवस आधी. त्या वेळी काम अस्तित्वातच नसतं!

या पेचावर १९६० च्या दशकाच्या अखेरीस पश्चिमेत फार मजेशीर उत्तरं शोधली गेली. न्यूयॉर्कमध्ये सेथ सीगेलॉब नावाचा एक तरुण आयोजक होता. त्याचं म्हणणं असं, की कल्पना हीच कलाकृती असेल तर ती भिंतीवर लावण्यापेक्षा छापलेलीच का नसावी? १९६८ मध्ये त्याने सात कलाकारांना प्रत्येकी २५ पानं दिली आणि म्हटलं, हेच तुमचं प्रदर्शन. हे पुस्तक 'झेरॉक्स बुक' म्हणून प्रसिद्ध झालं. गंमत म्हणजे झेरॉक्स काढणं तेव्हा इतकं महाग पडत होतं की ते शेवटी ऑफसेटवर छापावं लागलं.

पुढच्याच वर्षी, १९६९ मध्ये, समीक्षक लुसी लिपार्ड यांनी सिएटलमधल्या प्रदर्शनाचा कॅटलॉग सुट्या कार्डांचा केला. लायब्ररीत पूर्वी खोक्यांत असायची तशी कार्डं. प्रत्येक कलाकाराने आपलं कार्ड स्वतः तयार करून पाठवायचं. ना पहिलं पान ना शेवटचं, वाचणाऱ्याने हवी तशी लावावीत. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात हाराल्ड झेमान यांच्या गाजलेल्या प्रदर्शनाचा कॅटलॉग पत्त्यांच्या डायरीसारखा होता, बाजूला अक्षरांच्या पायऱ्या असलेला.

हे वाचायला छान वाटतं. पण पुण्यात किंवा कोल्हापुरात एखादी विद्यार्थिनी पहिलं इन्स्टॉलेशन लावणार असेल तर तिला याचा काय उपयोग? उपयोग आहे. कामाचा फोटो नसेल तर कच्ची रेखाटनं छापा, साहित्याची यादी छापा, खोलीचा नकाशा छापा. नाही तर कामाचे दोन भाग करा. उद्घाटनाला एक साधं पत्रक द्या आणि प्रदर्शन लागल्यावर तिसऱ्या दिवशी नीट फोटो काढून आठ पानांची पुस्तिका नंतर छापा. उद्घाटनाच्या गर्दीत पुस्तिका वाटल्याचं समाधान मिळत नाही, हे खरं. पण नोंद खरी होते. संगणकावर भिंतीत चिकटवलेली खोटी दृश्यं छापण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

आत अंधार, हातात पिशवी

पुस्तिका डिझाइन होते ती संगणकाच्या उजळ पडद्यावर. वाचली जाते ती गॅलरीत. हा फरक विसरला की सगळं बिघडतं.

कागदावरची चित्रं, जुने फोटो, कापड यांना जास्त उजेड सोसत नाही, रंग उडतात. म्हणून अशा दालनांत प्रकाश साधारण ५० लक्सच्या आसपासच ठेवतात. म्हणजे बऱ्यापैकी मंद. त्यात फिक्या करड्या रंगातली, सात पॉइंटची नाजूक अक्षरं कोण वाचणार? डिझायनर मंडळींना करडा रंग का इतका आवडतो हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे. गॅलरीत येणाऱ्यांत साठीच्या पुढचे लोकही भरपूर असतात. ज्यांना कमी दिसतं त्यांच्यासाठी ठळक आणि मोठ्या, साधारण १८ पॉइंटच्या अक्षरांतल्या चार-पाच प्रती साध्या प्रिंटरवर काढून टेबलावर ठेवल्या तरी पुष्कळ होतं. परदेशातल्या अनेक संग्रहालयांत ही आता रूढ पद्धत आहे.

चकचकीत आर्ट पेपर घेतला की स्पॉटलाइटचा उजेड त्यावरून परावर्तित होऊन थेट डोळ्यांत येतो. बघणाऱ्याच्या एका हातात पिशवी किंवा फोन असतो, म्हणजे पत्रक एकाच हाताने उघडता आलं पाहिजे. सहा घड्यांचा, टेबलाएवढा उघडणारा नकाशा दिसायला झकास, पण त्याची पुन्हा घडी घालता येत नाही. पत्रकात दालनाचा नकाशा देणार असाल तर तो दाराच्या बाजूने काढा. माणूस जिथून आत येतो ती बाजू खाली हवी. वास्तुविशारदाकडून आलेला नकाशा तसाच छापला की लोक पत्रक उलटं-सुलटं करत उभे राहतात.

मराठी कुठे जाते?

आता खरा अवघड भाग. महाराष्ट्रात भरणाऱ्या समकालीन कलेच्या प्रदर्शनांची पत्रकं बऱ्याचदा फक्त इंग्रजीत असतात. आणि तीही कुठल्या इंग्रजीत? २०१२ मध्ये अलिक्स रूल आणि डेव्हिड लेव्हिन या दोघांनी जगभरच्या प्रदर्शनांची हजारो प्रसिद्धिपत्रकं तपासली आणि ही एक वेगळीच भाषा झाली आहे, असा निष्कर्ष काढला. तिला त्यांनी 'आंतरराष्ट्रीय कला-इंग्रजी' असं नाव दिलं. लांबलचक वाक्यं, प्रत्येक विशेषणाचं नाम करून टाकलेलं आणि शेवटी चित्रात काय आहे याचा पत्ता नाही. इंग्रजी मातृभाषा असलेल्यांनाही ती समजत नाही, तर इतरांचं काय?

मराठीत मजकूर असला तरी अनेकदा तो या इंग्रजीचं भाषांतर असतो. मग 'अवकाशाच्या अनेकार्थी शक्यतांची चिकित्सा' असं काहीतरी छापून येतं. त्याऐवजी 'हे चित्र चित्रकाराने गिरणगावातल्या पाडलेल्या चाळीच्या विटांची भुकटी रंगात मिसळून केलंय' असं एक वाक्य लिहिलं तर माणूस थांबून पुन्हा चित्राकडे बघतो. पत्रकातल्या मजकुराची हीच कसोटी धरावी. वाचून झाल्यावर नजर भिंतीकडे वळते का? प्रेक्षक नुसता वाचतच राहिला तर मजकूर फसला.

शब्दांनंतर अक्षरं. देवनागरी आणि रोमन शेजारी-शेजारी ठेवताना एक चूक हमखास होते. इंग्रजीसाठी ठरवलेला अक्षरांचा आकार आणि दोन ओळींमधलं अंतर मराठीलाही तसंच लावलं जातं. पण देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि खाली उकार, जोडाक्षरं असतात. त्यांना जागा लागते. इंग्रजीच्या मापात बसवलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेवर आदळतो. त्यात त्याच पॉइंटमध्ये देवनागरी अनेकदा इंग्रजीपेक्षा लहान दिसते. म्हणून मराठीचा आकार थोडा वाढवावा लागतो आणि ओळींमधलं अंतर बऱ्यापैकी.

दुसरा घोळ तांत्रिक आहे. इनडिझाइन या सॉफ्टवेअरमध्ये 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' ही सोय सुरू केलेली नसेल तर युनिकोड मराठी फुटते. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते, जोडाक्षरं सुटी होतात. मराठी न वाचणाऱ्या डिझायनरच्या ते लक्षात येत नाही आणि पुस्तिका तशीच छापून येते. चित्रकाराच्या आई-वडिलांच्या हातात ती पडते तेव्हा कळतं. यावर साधा उपाय म्हणजे प्रेसला फाइल जाण्याआधी कागदावर प्रिंट काढून मराठी येणाऱ्या माणसाने ती शब्द न् शब्द वाचणं. फोनवरच्या पीडीएफवर नाही, कागदावर.

चांगले फॉन्ट नाहीत, ही सबब आता चालत नाही. संगणकावर मराठी वाचणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी पाहिलेला 'मंगल' हा फॉन्ट आपल्याच र. कृ. जोशींनी घडवला. त्यानंतर मुंबईच्या 'एक टाइप' या गटाने केलेले 'मुक्त' आणि 'बलू' हे फॉन्ट मोफत मिळतात, देवनागरी आणि रोमन एकमेकांना शोभतील असे एकत्रच घडवलेले आहेत. मजकुरासाठी 'मुक्त' अगदी निर्धास्त वापरावा. 'बलू' गुबगुबीत आहे, तो शीर्षकापुरता ठीक.

दोन्ही भाषा द्यायच्या तर कशा? समोरासमोरच्या पानांवर दिल्या तर तुलना सोपी होते, पण पानं वाढतात. दुसरी युक्ती म्हणजे पुस्तिका एका बाजूने मराठी, उलटी केली की दुसऱ्या बाजूने इंग्रजी आणि मधोमध चित्रं. मग मागचं पान कुठल्याच भाषेच्या वाट्याला येत नाही. मात्र मधली चित्रं कुठल्या तरी एका वाचकाला उलटी दिसणार, त्याची सोय आधी विचारात घ्यावी.

प्रेसवाल्याला आधी भेटा

छपाईचं गणित एका शब्दात सांगायचं तर 'फर्मा'. मोठ्या कागदावर एकदम आठ किंवा सोळा पानं छापून, घड्या घालून, कापून जो गठ्ठा तयार होतो तो फर्मा. म्हणून मधोमध पिना मारायच्या पुस्तिकेची पानं चारच्या पटीत असावी लागतात आणि आठ-सोळाच्या पटीत असली तर स्वस्त पडतात. अठरा पानांची पुस्तिका कुणी मागितली की प्रेसवाला हसतो तो म्हणूनच.

आकाराचंही तसंच. १८ बाय २५ इंचांच्या कागदावर ए४ आकाराच्या पुस्तिकेची उघडी जोडपानं दोन बसतात. डिझायनरला वाटलं की थोडी मोठी, साडेनऊ बाय बारा इंचांची करूया, तर उघडी जोडपानं होतात १९ इंच रुंद. आता त्याच कागदावर एकच बसतं. पुस्तिका जेमतेम सव्वा इंचाने रुंद झाली आणि कागद दुप्पट लागला! आकार ठरवण्याआधी मुद्रकाशी दहा मिनिटं बोलणं हा सगळ्यात मोठा बचतीचा मार्ग आहे.

प्रती किती काढायच्या? ऑफसेटवर चार रंगांच्या चार प्लेट, त्या यंत्रावर चढवणं हा खर्च शंभर प्रतींना जेवढा तेवढाच हजारांना. म्हणून शे-दोनशे प्रती हव्या असतील तर डिजिटल प्रिंटिंग परवडतं आणि संख्या वाढली की ऑफसेट. कागदात आतल्या पानांना १०० ते १३० जीएसएमचा मॅट कागद आणि मुखपृष्ठाला २५० च्या आसपासचा हे नेहमीचं समीकरण. जाड कागदाला घडी घालण्याआधी क्रीझिंग केलं नाही तर घडीवर रंगाला तडे जातात आणि पांढरी रेघ दिसते. तीन घड्यांच्या पत्रकात आत दुमडणारा भाग दोन-तीन मिलिमीटर अरुंद ठेवावा लागतो, नाही तर तो आत बसत नाही, फुगतो. हे सगळं कळायला एक सोपी गोष्ट आहे, डमी. खऱ्या कागदाची, खऱ्या मापाची, कोरी पुस्तिका हाताने बनवून बघायची. पडद्यावर न दिसणाऱ्या चुका तिच्यात दिसतात.

पैसा कमी असणं हे वाईट डिझाइनचं कारण नसतं, याची साक्ष ॲमस्टरडॅममध्ये आहे. विलेम सँडबर्ग हे दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या स्टेडेलिक म्युझियमचे संचालक झाले. युद्धात ते नाझींविरुद्धच्या भूमिगत चळवळीत होते. लपून राहावं लागलं त्या काळात मिळेल त्या कागदावर ते हाताने छोट्या पुस्तिका करत. संचालक झाल्यावरही म्युझियमचे शेकडो कॅटलॉग त्यांनी स्वतः डिझाइन केले. पुडी बांधायचा तपकिरी कागद, हाताने फाडलेली अक्षरं, एखादाच ठसठशीत रंग. चकचकीत काहीच नाही आणि तरीही ते आज संग्राहक शोधत फिरतात.

चित्राला कात्री लावायची नाही

मुखपृष्ठावर चित्र पूर्ण पानभर पसरवायचा मोह सगळ्यांना होतो. पण कडेला तीन मिलिमीटर ब्लीड सोडून कागद कापला जातो, म्हणजे चित्राची कडाही कापली जाते. चित्रकाराने जिथं रेषा थांबवली तिथं ती थांबलेली दिसायला हवी. चित्राचा तुकडा वापरायचाच असेल तर खाली 'अंश' असं लिहावं. चित्रावर अक्षरं टाकू नयेत. जोडपानावर चित्र छापलं तर मधल्या घडीत नेमका चेहरा जातो, हे तर ठरलेलंच.

रंगांबाबत एक कटू सत्य स्वीकारावं लागतं. सीएमवायके या चार शायांत झळाळता निळा किंवा भडक नारिंगी येत नाही. फ्लोरोसंट तर नाहीच. मॅप्लिथोसारखा साधा कागद शाई पितो, त्यावर गडद चित्रं आणखी काळवंडतात. म्हणून त्याच कागदावरचं प्रूफ मूळ चित्राशेजारी, दिवसाच्या उजेडात धरून बघणं हाच उपाय.

आणि परवानगी? चित्र विकत घेतलं म्हणजे ते छापायचा हक्क मिळाला, असा एक मोठा गैरसमज आहे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्र विकलं तरी स्वामित्व हक्क सर्वसाधारणपणे चित्रकाराकडेच राहतो, लेखी करार करून तो दिला नसेल तर. मुदत चित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं. हुसेन २०११ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या चित्रांबाबत ही मुदत २०७१ च्या अखेरीपर्यंत. चित्राचा फोटो काढणाऱ्याचे हक्क त्याहून वेगळे, त्याचं नाव छापायला एक ओळ पुरते.

क्यूआर कोड पुरेसा नाही का?

बऱ्याच गॅलऱ्यांनी आता पत्रक बंद करून भिंतीवर क्यूआर कोड लावलाय. कागद वाचतो, व्हिडिओ दाखवता येतो, मजकूर बदलता येतो. फायदे खरे आहेत. अडचण अशी की तो कोड ज्या वेबसाइटकडे नेतो तिचे पैसे कुणीतरी दरवर्षी भरावे लागतात. प्रदर्शन संपलं, डोमेनची मुदत संपली की नोंदही संपली. साठ वर्षांपूर्वीची पुस्तिका आजही वाचता येते, पण पाच वर्षांपूर्वीचा क्यूआर कोड उघडेल याची खात्री देता येत नाही. शिवाय फोन हातात आला की नोटिफिकेशन येतं आणि चित्र राहून जातं, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. दोन्ही ठेवायचं तर मूळ माहिती कागदावर आणि जास्तीचं कोडमागे, हा क्रम बरा.

कागदाच्या बाजूने सर्वांत देखणा युक्तिवाद छायाचित्रकार दयानिता सिंग यांनी केलाय. २००८ च्या 'सेंट अ लेटर'मध्ये सात छोट्या, बाजाच्या भात्यासारख्या घड्यांच्या पुस्तिका एका खोक्यात होत्या. उघडून टेबलावर उभ्या केल्या की घरातच प्रदर्शन तयार. २०१७ च्या 'म्युझियम भवन'मध्ये अशाच नऊ पुस्तिका आहेत. इथं पुस्तिका प्रदर्शनाची आठवण राहत नाही, तीच प्रदर्शन होते.

घरातल्या जुन्या पुस्तिकांचं काय करायचं?

हाँगकाँगच्या 'एशिया आर्ट अर्काइव्ह' या संस्थेने गीता कपूर आणि विवान सुंदरम यांचा खासगी संग्रह डिजिटल स्वरूपात इंटरनेटवर ठेवलाय. त्यात कॅटलॉग आहेत, निमंत्रणं आहेत, पत्रकंही आहेत. कुणीतरी ती घरात जपली होती म्हणून आज मोफत बघता येतात. बडोद्याच्या काही कलाकारांचे संग्रहही तिथं आहेत.

तुमच्या घरी चित्रकार काका-मावशींच्या प्रदर्शनाची अशी पत्रकं असतील तर रद्दीत देऊ नका. लोखंडी पिना कोकण-मुंबईच्या दमट हवेत गंजतात आणि कागद खातात, त्या हळूच काढून टाका. लॅमिनेशन करू नका, ते पुन्हा निघत नाही. सेलोटेप तर अजिबात नको. पत्रकावर साल छापलेलं नसेल आणि घरातल्या कुणाला आठवत असेल, तर मागच्या कोपऱ्यात पेन्सिलने बारीक अक्षरात लिहून ठेवा.